दाई माशी आणि बाहेरची माशी: जाती दोन नव्हेत, वये दोन

डाळिंबाचा बहार धरला आणि बागेत मधपेट्या येऊन बसल्या, की सोलापूरकडच्या बागायतदाराचा एक प्रश्न ठरलेला असतो: "यात कामाच्या माश्या किती, आणि नुसत्या आत बसून खाणाऱ्या किती?" असे विचारणाऱ्याला राणी, नर आणि कामकरी यांतला फरक बहुधा चांगला ठाऊक असतो. राणी अंडी घालते, नराला नांगी नसते आणि उरलेला सगळा पसारा कामकरी माशी ओढते, यापलीकडे त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

गोंधळ पुढच्या पायरीवर होतो. राणी आणि कामकरी या दोघी फलित अंड्यातूनच येतात. अळीला मिळणाऱ्या आहारावर कोण काय होणार ते ठरते आणि एकदा ठरले की ते बदलत नाही. हाच कायमचा भेद लोक दाई माशी आणि बाहेरची माशी यांच्यावर लादतात, जणू एक अळ्या सांभाळायलाच जन्मली आणि दुसरी फुलांवर जायला. या दोन्ही एकच माशी आहेत; फक्त वय वेगळे. मेलिफेराची, म्हणजे पेट्यांत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीची, कामकरी अंडे घातल्यापासून साधारण २१ दिवसांनी पोळ्यातल्या आपल्या घरातून (षटकोनी कप्प्यातून) बाहेर पडते. आधी ती रिकामी घरे साफ करते. मग डोक्यातल्या ग्रंथींतून अळ्यांचे अन्न पाझरू लागले, की ती दाई होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटाखालच्या ग्रंथींतून मेण येते, तेव्हा ती पोळे बांधते, बाहेरून आलेला मकरंद उतरवून घेते. काही जणी दारावर पहारा देतात. तिसरा आठवडा सरता सरता ती फुलांवर जाऊ लागते आणि कामाच्या हंगामात तिचे एकूण आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असते.

पेटीतली पोळ्याची चौकट उचलून पाहिली तर वय नुसत्या डोळ्यांनाही कळते: कोवळी माशी फिकी आणि लवदार, तर म्हातारीची लव झडून पाठ चकचकीत झालेली आणि पंखांच्या कडा फाटलेल्या. (या कोवळ्या माशीला कोणी कोणी "घरमाशी" म्हणतात. कृपया म्हणू नये. घरमाशी ताटावर बसते ती.)

मात्र वयाचा तक्ता भिंतीवर टांगून "बाराव्या दिवशी हे, अठराव्या दिवशी ते" असे पाठ करणाऱ्यांशीही माझे जमत नाही, कारण वय हा कल आहे, वेळापत्रक नव्हे. जर्मन मधमाशी-अभ्यासक मार्टिन लिंडाउअर यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत कामकरी माशीचा बराचसा वेळ पोळ्यावर नुसते फिरण्यात आणि विसाव्यात गेलेला दिसला. फिरता फिरता जिथे उणे दिसेल तिथे ती हात लावते. "बसून खाणारी" म्हणतात ती हीच. बाहेरच्या माश्या तोंडातोंडी अन्न देताना एक द्रव्य पुढे सरकवतात, ज्यामुळे कोवळ्यांचे बाहेरच्या माश्या होणे लांबते. त्या अचानक घटल्या, की हा लगाम सुटतो आणि आठवडाभराची पोरसुद्धा फुलांवर जाऊ लागते. उलट कोवळ्या माश्या काढून घेतल्या, तर बाहेरच्यांपैकी काही पुन्हा दाई होतात आणि त्यांच्या आटलेल्या ग्रंथी परत भरतात.

म्हणून भर दुपारी फवारणी करून "आत हजारो शिल्लक आहेत" असे म्हणणारा हिशेब चुकवतो. बाहेर मेलेल्यांच्या जागी कोवळ्या जातात, त्या कमी आणतात आणि लवकर मरतात. आत अळ्यांना दाया पुरत नाहीत, आणि पेटी त्या दिवशी नव्हे तर काही आठवड्यांनी ओस पडते. फवारणी टळतच नसेल, तर सगळ्या परतल्यावर, दिवस मावळल्यानंतर करावी. पेटी हलवायचीही तेव्हाच. दुपारी हलवली तर फुलांवर गेलेल्या जुन्या जागीच परत येऊन घिरट्या घालत राहतात. आणि उन्हाच्या वेळी दाराकडे तोंड करून हवेत डुलणारा थवा दिसला, की "माश्या उठल्या" म्हणून लगेच फोन करू नये. त्या पहिल्यांदाच बाहेर पडलेल्या दाया असतात आणि आपल्या पेटीची जागा पाठ करत असतात.