फीचं अनुदान आणि निवडीचं स्वातंत्र्य: ‘स्कूल चॉइस’ची दोन मुळं

अमेरिकेत ‘स्कूल चॉइस’चा, म्हणजे मुलाची शाळा पालकांनी निवडायची आणि खर्च सरकारी पैशातून व्हायचा या धोरणाचा, वाद रंगला की कुणीतरी म्हणतंच, हे सगळं वर्णभेदातून आलंय. ते अर्धं खरं आहे. पण व्हर्जिनियातल्या दोन जुन्या योजना त्यात एकाच माळेत ओवल्या जातात. 1954 च्या ब्राऊन निकालाने सरकारी शाळांतलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं, आणि तो निकाल टाळायला या दोन्ही वापरल्या गेल्या.

पहिली, फीचं अनुदान. सरकारने पालकाला पैसे द्यायचे, पालकाने मूल खासगी शाळेत घालायचं. प्रिन्स एडवर्ड काउंटीने 1959 मध्ये सरकारी शाळांना चक्क कुलपं ठोकली. (हीच ती काउंटी, जिथे 1951 मध्ये सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने डांबरी कागदाच्या खोपटांत भरणाऱ्या वर्गांविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप घडवला होता.) गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली, अनुदान आणि करसवलती तिच्या कामी आल्या. कृष्णवर्णीय मुलांपैकी कुणाला परगावच्या नातेवाइकांकडे धाडलं, कुणी चर्चमधल्या वर्गात बसलं, कित्येकांचं शिक्षण सुटलं ते सुटलंच. शाळा उघडल्या 1964 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर.

दुसरी योजना, निवडीचं स्वातंत्र्य, दिसायला सभ्य. न्यू केंट काउंटीत सरकारी शाळा दोनच: एक गोऱ्यांची, एक कृष्णवर्णीयांची. हवी ती निवडा! तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने दुसरी शाळा निवडली नाही, आणि 85 टक्के कृष्णवर्णीय मुलं होती तिथेच राहिली. नोकरी किंवा घर गोऱ्या मालकाच्या हाती असेल, तर अर्जावर टिक करणंही जिकिरीचंच. 1968 मध्ये न्यायालयाने सांगितलं, विभाजन मोडण्याची जबाबदारी शिक्षण मंडळाची आहे, ती पालकांवर ढकलू नका.

आजचं व्हाउचर पहिल्या योजनेच्या वळणाचं: सरकारी पैसा, खासगी शाळा. पण मिलवॉकी शहराचं 1990 चं व्हाउचर गरीब कुटुंबांसाठी होतं आणि त्यासाठी झगडल्या त्या पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय आमदार. व्हाउचर म्हणजे वर्णद्वेष असं सरसकट म्हटलं की त्यांचं नाव पुसलं जातं. 1976 पासून खासगी शाळांना वर्णावरून प्रवेश नाकारता येत नाही. गुण, वर्तन, वरची फी या चाळण्या मात्र बऱ्याच ठिकाणी शिल्लक आहेत. त्यात ॲरिझोनासारख्या राज्याने 2022 मध्ये अशी योजना सगळ्याच मुलांना खुली केली, त्यामुळे मिलवॉकीचा मूळ हेतू तिथे लावणं मला पटत नाही.

चार्टर शाळा वेगळी. पहिला कायदा मिनेसोटाचा, 1991 चा. ती सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, अर्ज जास्त आले तर सहसा सोडत काढते. म्हणून तिला न्यू केंटचा प्रश्न विचारायचा, कागदावरची निवड प्रत्यक्षात करता येते का: सोडतीत नंबर लागला, पण बस नाही आणि आईची कामाची पाळी सकाळी सहाला सुरू होते, तर मुलाला शाळेत सोडणार कोण?