वॉइचेख: वहीत एक, तोंडी दुसरं

वॉइचेख श्चेन्स्नी या पोलिश गोलरक्षकाचं नाव रोमन लिपीत पाहिलं की आपली जीभ अडखळते, कारण इंग्रजीच्या सवयीने आपण 'वोज्सिएच' असं काहीतरी वाचतो. पोलिशमध्ये डब्ल्यूचा उच्चार 'व' होतो, जेचा 'य', आणि शेवटच्या सी-एचचा 'ख'. एवढं कळलं की नाव सोपं होतं.

हे नाव पोलंड ख्रिस्ती होण्याच्या आधीचं आहे. जुन्या स्लाव लोकांची नावं दोन शब्द जोडून होत. 'वोय' म्हणजे योद्धा आणि 'चेख' म्हणजे आनंद, म्हणून वॉइचेख म्हणजे लढण्यात आनंद मानणारा, किंवा योद्ध्यांना आनंद देणारा. आपल्या रणजितसारखीच ही घडण आहे. मुलाने पुढे काय व्हावं, ही घरच्यांची इच्छाच त्या नावात असे.

अशी कितीतरी नावं पुढे मागे पडली. चर्चने संतांच्या नावांचा आग्रह धरला आणि यान, पिओत्र, याकुब घरोघरी आले. जुन्या स्लाव नावांपैकी टिकली ती मुख्यतः एखाद्या संताने धारण केलेली. स्तानिस्वाव, काझिमेझ आणि वॉइचेख ही त्यांतली ठळक.

वॉइचेखला तारणारा संत मात्र पोल नव्हता. तो चेक होता. बोहेमियातल्या लिबित्से इथे, स्लावनिक या मातब्बर घराण्यात, इ. स. ९५६च्या सुमारास त्याचा जन्म झाला. शिक्षणासाठी तो जर्मनीतल्या माग्डेबुर्गला गेला. तिथल्या आर्चबिशपने दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या, संस्कारात त्याला स्वतःचंच नाव दिलं, आडालबेर्ट. या जर्मन नावाचा अर्थ 'कुलीन आणि तेजस्वी', म्हणजे वॉइचेखशी त्याचं काडीचंही नातं नाही. तरीही त्या एका संस्कारामुळे दोन्ही नावं कायमची एकमेकांना चिकटली.

पुढे तो प्रागचा बिशप झाला, पण तिथे त्याचं जमलं नाही. दोनदा पद सोडून तो रोमच्या मठात जाऊन राहिला. ९९५ मध्ये शत्रूंनी लिबित्सेवर हल्ला करून त्याच्या भावांना मारलं. परतायला घर उरलं नाही. तेव्हा तो पोलंडच्या बोलेस्वाव या शासकाकडे आला आणि तिथून बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रशियन लोकांत धर्मप्रचाराला गेला. २३ एप्रिल ९९७ रोजी त्यांनी त्याला ठार केलं. बोलेस्वावने त्याच्या देहाच्या वजनाइतकं सोनं देऊन तो सोडवून आणला, अशी परंपरा आहे. देह पोलंडमधल्या ग्न्येझ्नो इथे पुरला गेला. इ. स. १००० मध्ये सम्राट ओटो तिसरा त्या समाधीच्या दर्शनाला आला आणि पोलंडला स्वतःचं आर्चबिशपचं पीठ मिळालं. ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या नवख्या राज्याला ही मोठी मान्यता होती. म्हणूनच या परक्या संताला पोलंडने आपला मानला. ग्न्येझ्नोच्या कॅथीड्रलला बाराव्या शतकातले ब्राँझचे दरवाजे आहेत. त्यांवर त्याच्या जन्मापासून दफनापर्यंतचे १८ प्रसंग कोरलेत.

यापुढचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. चर्चच्या वह्या लॅटिनमध्ये. तिथे प्रत्येक वॉइचेखची नोंद व्हायची 'आडालबेर्टुस', कधी 'आल्बेर्टुस'. जन्म, लग्न, मृत्यू, सगळीकडे तेच. शेतात, बाजारात, घरात मात्र तो वॉइचेखच, लहान असेल तर वॉइतेक, लाडात वॉइतुश. आज पणजोबांचा शोध घेणारे वंशज वहीत आडालबेर्टुस पाहून गोंधळतात. माणूस एकच असतो. शतकानुशतकं हे नाव बोलण्याच्या जोरावर जगलं, आणि त्यातून वॉइचेखोव्स्की, वॉइताससारखी आडनावंही उगवली. पोप जॉन पॉल दुसरे यांचं मूळ आडनाव वॉयतिवा, तेही याच मुळाचं असावं.

नाव दरबारापुरतंही राहिलं नाही. पोलिश रंगभूमीचे जनक मानले जाणारे बोगुस्वाव्स्की हे वॉइचेख. १७९४ मध्ये रात्सवावित्सेच्या लढाईत रशियन तोफेची पेटती वात टोपीने विझवणारा शेतकरी बार्तोश ग्वोवात्स्की, तोही वॉइचेखच.

दुसऱ्या महायुद्धात हे नाव एका अस्वलाच्या वाट्याला आलं. सोव्हिएत बंदिवासातून सुटलेले पोलिश सैनिक १९४२ मध्ये इराणमध्ये होते. तिथे मिळालेल्या अस्वलाच्या पिल्लाला त्यांनी वॉइतेक म्हणायला सुरुवात केली. त्याच लोंढ्यातली हजारो बायकामुलं पुढे भारतात आली, आणि त्यांतल्या सुमारे पाच हजारांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत आसरा मिळाला. सैनिक इटलीकडे गेले. वॉइतेकही गेला, सैन्याच्या यादीत नाव नोंदवून. १९४४ मध्ये इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईत त्याने तोफगोळ्यांच्या पेट्या उचलल्याचं सैनिक सांगत, आणि गोळा धरलेलं अस्वल त्या तुकडीचं चिन्ह झालं. युद्धानंतर त्याला एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. जुने सोबती भेटायला येऊन पोलिशमध्ये हाक मारायचे, आणि १९६३ मध्ये मरेपर्यंत ती भाषा कानावर पडली की तो मान वर करायचा, असं सांगतात.