आर्चेसमध्ये कुठली वाट, किती वाजता

पार्कजवळच्या मोॲब गावी आमच्यामार्फत येणाऱ्या कुटुंबांसाठी

नोंदणी झाली की आठवडाभरात एक प्रश्न हमखास येतो: "डेलिकेट आर्च तीनच मैल आहे ना? मग सकाळी आरामात नाश्ता करू, विंडोज वगैरे कमानी बघू आणि अकरा-साडेअकराला तिकडे जाऊ." दर हंगामात हे इतक्या जणांना फोनवर समजावून सांगावं लागतं की एकदा नीट लिहून सगळ्यांच्या हाती द्यायचं ठरवलं. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या आर्चेस नॅशनल पार्कमध्ये (आर्च म्हणजे दगडातली नैसर्गिक कमान) काय बघायला मिळतं ते तुम्ही व्हिडिओत पाहिलेलं असतं, ते इथे पुन्हा सांगत नाही. एका दिवसात कुठल्या वाटा घ्यायच्या आणि कुठली किती वाजता, एवढंच सांगतो.

तर अकराला डेलिकेट आर्च नको. मे ते सप्टेंबरमध्ये तर नकोच नको.

तीन मैल म्हणजे जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आसपास, आणि चढ सुमारे 480 फूट. "बाबा दर रविवारी सिंहगड चढतात, त्यांना काय होतंय!" असं आम्हाला सांगितलं जातं, आणि ते खरंही असतं. चढाच्या हिशेबात सिंहगड कितीतरी मोठा. पण सिंहगडावर बाबा पहाटे निघतात आणि उन्हं चढायच्या आत वर पोहोचतात. वाटेत ताक-सरबत मिळतं, झाडाखाली टेकता येतं, अगदीच दमलं तर वरून गाडीनं खाली उतरता येतं. डेलिकेट आर्चच्या वाटेवर यातलं काहीही नाही. वाट जिथून सुरू होते तो वूल्फ रँचचा वाहनतळ सोडला की सावली जवळजवळ संपते, पाणी कुठेच मिळत नाही, आणि वरून ऊन असतं तसा खालून तापलेला कातळ असतो. उन्हाळ्यात इथे पारा 38 सेल्सियसच्या वर जाणं नेहमीचंच आहे.

त्यातून या वाटेचा पहिला अर्धा मैल फसवा आहे. रुंद, सपाट, चांगली मळलेली वाट. सुरुवातीलाच वूल्फ कुटुंबाची 1906 मध्ये बांधलेली लाकडी खोली, मग ओढ्यावरचा पूल, बाजूच्या कातळावर इथल्या मूळच्या यूट लोकांनी कोरलेले घोडेस्वार. सगळे फोटो काढत, गप्पा मारत चालतात आणि एवढंच असेल तर काय, असं वाटायला लागतं. त्यानंतर समोर येते ती उघड्या कातळाची लांबलचक चढण, एकसलग, झाड ना झुडूप. वाट अशी आखलेली नाही, दगडावर दगड रचलेल्या खुणा बघत वर जायचं. बहुतेकांचं पाणी संपतं ते इथेच, आणि "तुम्ही पुढे व्हा, आम्ही बसतो" हे वाक्यही इथेच ऐकू येतं. पण बसायचं कुठे? सावलीच नाही.

कातळ चढून गेलं की वाट जरा सपाट होते आणि शेवटच्या 200 यार्डांत कड्याला खोदलेल्या पट्टीवरून जाते. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला खोलगा. पट्टी दोघं शेजारून जातील एवढी आहे, घाबरण्यासारखी नाही, मात्र ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. या पट्टीचं वळण संपेपर्यंत डेलिकेट आर्च दिसतच नाही. वळण संपलं की ती एकदम समोर उभी ठाकते, मागे ला साल डोंगर. म्हणजे जो अर्ध्यातून परत फिरला त्याला लांबूनही काही दिसलेलं नसतं.

आता वेळेचा हिशेब बघा. अकराला निघालेलं कुटुंब दोन-अडीच तासांनी अर्ध्या वाटेवरून खाली येतं. आईंचं डोकं दुखत असतं, मुलं रडकुंडीला आलेली असतात. तिथून थेट हॉटेल, पडदे ओढून झोप. पार्कच्या दुसऱ्या टोकाचं डेव्हिल्स गार्डन राहून जातं, संध्याकाळी पुन्हा पार्कमध्ये यायचं त्राण कुणातच नसतं. डेन्व्हरहून सहा तास किंवा सॉल्ट लेक सिटीहून चार तास गाडी चालवून आलेल्या माणसाचा एक अख्खा दिवस जातो, तो मैल मोजून वाट निवडल्यामुळे. म्हणून इथली वाट निवडताना आधी घड्याळ बघायचं, मग सावली, आणि मैल सगळ्यांत शेवटी.

घाम येत नाही, म्हणजे सगळं ठीक?

"घामसुद्धा येत नाहीये, छान कोरडी हवा आहे" असं मुंबईहून आलेले पाहुणे कौतुकानं म्हणतात. घाम येत असतोच, तो अंगावर टिकत नाही, लगेच उडून जातो. त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळायला उशीर होतो. पार्कची जमीन समुद्रसपाटीपासून 4,000 ते 5,600 फुटांवर आहे, तिथे थोड्या चढानंही धाप लागते. दिवसाला माणशी चार लिटर पाणी हा पार्कचा सल्ला आहे आणि आम्ही त्यात एक लिटरही कमी करू देत नाही. पाणी भरून घ्यायच्या जागा म्हणजे प्रवेशाजवळचं व्हिजिटर सेंटर आणि 18 मैल आतलं डेव्हिल्स गार्डन. मध्ये कुठे टपरी नाही, आत खाण्याचं दुकान नाही. नुसतं पाणी पिऊनही भागत नाही, सोबत मीठ पोटात जायला हवं. घरचा चिवडा, खारे शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखर किंवा इलेक्ट्रॉल, सगळं चालतं. अर्धं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत फिरायचं, हा नियम मुलांनाही पाठ करून ठेवा.

मग आम्ही दिवस कसा लावतो

उन्हाळ्यात भल्या सकाळी पहिला मुक्काम थेट रस्त्याच्या टोकाला, डेव्हिल्स गार्डनला. तिथून लँडस्केप आर्च जाऊन-येऊन दोन मैलांच्या आत आहे, वाट बहुतेक सपाट आणि खडीची. एका बुंध्यापासून दुसऱ्या बुंध्यापर्यंत ही कमान 306 फूट आहे, आणि मध्यावर इतकी बारीक की ती अजून उभी कशी, असा प्रश्न पडावा. सकाळचं ऊन तिच्यावर समोरून पडतं, दुपारनंतर ती मजा राहत नाही. 1991 मध्ये तिच्या खालच्या अंगाचा मोठा पापुद्रा कोसळला, तेव्हापासून खालून जाणारी वाट बंद आहे. कुंपणापाशी थांबायचं. आत शिरून फोटो काढायचा हट्ट कृपया नको, आमच्या माणसालाही तो पुरवता येणार नाही.

परतताना सँड ड्यून आर्च. आमच्या मते लहान मुलांसाठी पार्कमधली ही सगळ्यांत चांगली जागा, आणि नेमकी हीच लोक यादीतून खोडायला सांगतात, कारण ती "फारच छोटी" वाटते. दोन उंच दगडी भिंतींच्या मधून, अंग चोरत आत शिरायचं. आत लालसर मऊ वाळू, भर अकरालाही पायाला गार लागते. आजी-आजोबा भिंतीला टेकून बसतात, मुलं वाळूत लोळतात. अर्धा तास धरला असेल तर पाऊण तास होतो, म्हणून आम्ही तासच धरतो.

बारा ते चार पार्कबाहेर. मोॲब गाव दारापासून पाच मैलांवर आहे. जेवण, आंघोळ, झोप. "एवढे पैसे खर्च करून आलो आणि दुपारी झोपायचं?" हा प्रश्नही आम्हाला ठाऊक आहे. हो, झोपायचं. संध्याकाळ त्यामुळेच हाती लागते.

संध्याकाळी विंडोज आणि डबल आर्च. दोन्ही वाटा छोट्या, बहुतेकांना झेपणाऱ्या, आणि डबल आर्चखाली उभं राहून मान वर केली की 112 फुटांवर आभाळ दिसतं. ज्यांचे पाय अजून ताजे आहेत त्यांनी मग डेलिकेट आर्च घ्यावी. जूनअखेरीस इथे सूर्य साडेआठनंतर मावळतो, म्हणून सातच्या आत वाहनतळ सोडायचा. मावळतीचं ऊन कमानीवर पडतं तेव्हा ती पेटल्यासारखी दिसते आणि सगळे प्रसिद्ध फोटो याच वेळचे. गर्दीही याच वेळी. उतरताना अंधार पडतो, कातळावर खुणा दिसत नाहीत, तेव्हा प्रत्येकाकडे डोक्याला बांधायची बॅटरी हवी. मोबाईलचा उजेड पुरत नाही आणि हातही अडकतो. आमच्याकडे बॅटऱ्या आहेत, पॅकेजमध्येच धरलेल्या.

आई-बाबा सोबत असतील तर मात्र आमचं मत पक्कं आहे: डेलिकेट आर्च पहाटे, उजाडता उजाडता निघून, नऊच्या आत खाली. उजेड कमानीच्या मागून येतो, फोटो तेवढा लाल येत नाही, हे आधीच सांगतो. पण दगड गार असतो, वर निवांत बसता येतं, आणि गुडघे दुखणारी माणसंसुद्धा सावकाश वर पोहोचतात. त्या दिवशी लँडस्केप आर्च दुसऱ्या दिवसावर ढकलतो.

अजिबात चढ नको असेल त्यांच्यासाठी डेलिकेट आर्च व्ह्यूपॉइंट आहे. वूल्फ रँचच्या पुढे मैलभर गाडीनं जायचं आणि सपाटीवरून 100 यार्ड चालायचं. अर्धा मैल चढलं तर वरचा व्ह्यूपॉइंटही आहे. कमान दरीपलीकडे, लहानशी दिसते. स्वतःच्या गाडीनं फिरणारे पुष्कळ जण फोनवरचा नकाशा लावून चुकून इथेच पोहोचतात आणि कमानीकडे जायची वाट शोधत बसतात. इथून तिकडे वाट नाही. कमानीखाली उभं राहायचं असेल तर वूल्फ रँचच.

दिवसाला दोनच मोठ्या वाटा का

"दुसरीकडे एका दिवसात सात कमानी देतात, तुम्ही चारच का?" पार्कमध्ये 2,000 हून जास्त कमानी नोंदलेल्या आहेत. दगडातलं भोक कुठल्याही बाजूनं तीन फूट भरलं की कमान म्हणून नोंद होते. तेव्हा मोजायला बसलं तर सातनंही काही होत नाही. गाडीतून उतरायचं, फोटो, पुन्हा गाडी, अशा दिवसाला आम्ही पैसे घेऊ शकतो, पण तशा दिवसातलं रात्री जेवताना कुणाला काही आठवत नाही. त्यामुळे आमचं वेळापत्रक मोकळं दिसतं. दर मात्र थोडा जास्त दिसतो, कारण गाडी आणि माणूस दिवसभर तुमच्याच कुटुंबासोबत असतात, दुपारी दुसऱ्या गटाला दिले जात नाहीत.

याचा फायदा पार्क ॲव्हेन्यूला कळतो. उंच भिंतींच्या मधून मैलभराची वाट, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बहुतेक उतारच. स्वतःची एकच गाडी असेल तर तोच मैल चढून परत यावं लागतं. आमचा चालक तुम्हाला वर सोडतो आणि खाली कोर्टहाउस टॉवर्सपाशी गाडी घेऊन थांबतो.

सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्या मंडळींना हे सगळं मिळमिळीत वाटेल. त्यांच्यासाठी डेव्हिल्स गार्डनचा पूर्ण फेरा आहे, प्रिमिटिव्ह ट्रेल धरून जवळपास आठ मैल. वाट दगडी भिंतींच्या अरुंद माथ्यावरून जाते, काही ठिकाणी हात लावून उतरावं लागतं. आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टची सवय इथे पुरत नाही. हा वालुकाश्म कोरडा असताना रबरी तळव्याला छान धरतो, पण त्यावर वाळूचे कण सांडलेले असले किंवा पाऊस-बर्फ पडलेलं असलं तर पाय सटकतो, आणि चढलेल्या जागेवरून उतरणं जड जातं. ओल असेल त्या दिवशी हा फेरा आम्ही रद्द करतो आणि त्याऐवजी वेगळी वाट देतो. यावर वाद घालू नये ही विनंती. फायरी फर्नेस या दगडी भूलभुलैयासाठी आधी ऑनलाइन परवाना किंवा रेंजरसोबतच्या फेरीचं तिकीट काढावं लागतं, पाच वर्षांखालची मुलं चालत नाहीत, आणि आयत्या वेळी आम्हीही काही करू शकत नाही. इच्छा असेल तर नोंदणी करतानाच सांगा.

एक गोष्ट सगळ्यांनीच पाळायची आहे. वाटेच्या बाजूला जमिनीवर काळपट, खडबडीत पापुद्रा दिसेल. तो सूक्ष्म जीवांनी विणलेला असतो, वाळू धरून ठेवतो, आणि एका पावलाखाली मोडला तर सावरायला कैक वर्षं जातात. चांगल्या कोनासाठी दोन पावलं बाजूला सरकताना आधी खाली बघा. ड्रोनला बंदी आहे. कमानींवर चढायचं नाही आणि दगडावर नाव कोरायचं नाही.

ऋतूबद्दल थोडक्यात. जुलै ते सप्टेंबरमध्ये दुपारी वादळी सरी येतात, वीज दिसली की उघड्या कातळावरून लगेच खाली. जानेवारीत डेलिकेट आर्चच्या वाटेवर बर्फ साचून गुळगुळीत होतं, बुटांना लावायच्या साखळ्या आम्ही देतो. दिवाळीच्या सुट्टीत भारतातून येणाऱ्यांना हवा उत्तम मिळते, दिवसभर चालता येतं आणि वर लिहिलेल्या दुपारच्या झोपेचीही गरज पडत नाही. मात्र सकाळी स्वेटर हवाच. 2022 ते 2025 या वर्षांत गर्दीच्या महिन्यांत पार्कमध्ये शिरायला ठराविक वेळेचं आरक्षण लागत होतं. हे नियम बदलत असतात, त्यामुळे तुमच्या तारखांना काय लागू आहे ते बघून आरक्षण काढायचं काम आमच्याकडे.

फॉर्ममध्ये प्रत्येकाचं वय, गुडघे-हृदय-रक्तदाबाची औषधं आणि उंचीची भीती यांचे रकाने आहेत. "सगळे ठणठणीत" असं एका ओळीत लिहून पाठवू नका, माणसागणिक भरा. वाट त्यावरूनच ठरते. फॉर्म आला की आम्ही एक फोन थेट आई-बाबांना करतो, मराठीत, कारण मुलांच्या फॉर्ममध्ये न लिहिलेलं दुखणं ते स्वतःहून सांगतात. तो फोन त्यांनी उचलावा म्हणून त्यांचा भारतातला नंबर आणि सोयीची वेळ तेवढी लिहून द्या.