लडाखचा चुरपोन आणि पाण्याची पाळी

लेह परिसरात पाऊस आणि हिम मिळून वर्षाकाठी जेमतेम 100 मिलीमीटर पाणी पडतं. एवढ्यावर जव पिकत नाही. तिथली शेती जगते ती डोंगरमाथ्यावरचं हिम आणि हिमनद्या वितळून येणाऱ्या पाण्यावर. अडचण वेळेची आहे. पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि हिमनदीचं भरघोस पाणी उतरतं जूनमध्ये. पेरणी लांबवली तर दाणा भरण्याआधीच थंडी गाठते. म्हणून वसंतातले ते काही आठवडे ओढ्याची बारीक धार आधी कोणाच्या शेतात जाणार, हा गावातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

तो सोडवणारा माणूस म्हणजे चुरपोन. ‘चू’ म्हणजे पाणी, ‘पोन’ म्हणजे प्रमुख. बऱ्याच गावांत हे काम दरवर्षी घरांमध्ये फिरतं आणि मोबदला पूर्वी धान्यात मिळे. ओढ्यातून निघणारा मुख्य पाट ‘मायुर’, त्याच्या चाऱ्या ‘युरा’. प्रत्येक चारीचं तोंड दगड, मुळांसकट उपटलेली हिरवळीची ढेप आणि फाटक्या कापडाच्या चिंध्यांनी बंद करतात. पाळी आली की फावड्याने ती ढेप बाजूला सारायची, पाळी संपली की तीच पुन्हा दाबून बसवायची. ढेप सैल बसली तर रात्रभर पाणी पाझरतं आणि सकाळी भांडण चुरपोनच्या दारात येतं. वसंतात पाटातला गाळ काढायला घरटी एक माणूस जातो.

या व्यवस्थेतला सगळ्यात हुशार भाग म्हणजे ‘झिंग’, गावाच्या वरच्या अंगाला बांधलेलं छोटं तळं. समजा, ओढ्याला सेकंदाला 5 लीटर पाणी आहे. ते तसंच मातीच्या चारीत सोडलं तर लांबच्या शेतापर्यंत पोचण्याआधी बरंचसं मुरतं. तेच रात्रीचे 10 तास झिंगमध्ये साठवलं तर 1,80,000 लीटर होतं. सकाळी ते 2 तासांत सोडलं की सेकंदाला 25 लीटरचा लोंढा मिळतो आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत जातो. पाणी तेवढंच, पण मुरायला वेळ मिळत नाही. गळती थांबवायला अनेक ठिकाणी पाट सिमेंटचे केले गेले. पाणी वाचलं, पण पाझरावर वाढणारी काठची विलोची झाडं आणि गवत सुकू लागलं. तिथे विलो म्हणजे छपराचं लाकूड आणि गवत म्हणजे जनावरांचा हिवाळा, तेव्हा ही गळती वाया जात होती असं मला वाटत नाही.

पाळ्यांचा संबंध घराच्या रचनेशीही होता. भावाभावांनी मिळून एकच बायको करण्याची जुनी प्रथा आणि थोरल्याकडे जाणारा वारसा यांमुळे जमीन तुटत नसे, पाण्याचे वाटेही ठरलेले राहत. 1941 च्या कायद्याने त्या विवाहपद्धतीवर बंदी आली, 1943 मध्ये वारशाचा नियम बदलला. स्त्रियांच्या आणि धाकट्यांच्या हक्कासाठी हे योग्यच होतं. पण वाटण्या झाल्या, तसे एका पाळीचे तुकडे पडत गेले आणि चुरपोनचा हिशोब किचकट झाला.

हिवाळ्यात वाहून जाणारं पाणी वसंतासाठी गोठवून ठेवायचा मार्ग अभियंता चेवांग नोर्फेल यांनी 1987 पासून रुळवला. सावलीच्या दरीत बांध घालून पाणी संथ करायचं की त्याचे थर गोठतात. उतारावर सर्वांत खाली असलेला साठा आधी वितळतो, नेमका पेरणीच्या वेळी. 2013 च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांच्या गटाने बर्फ शंकूसारखा उभा रचला: हिमस्तूप. पहिला सुमारे 6 मीटर उंच होता, त्यात अंदाजे दीड लाख लीटर पाणी होतं. एवढा बर्फ अर्धा मीटर जाडीने पसरला तर 330 चौरस मीटर पृष्ठभाग उन्हाला सापडतो, शंकूचा उघडा भाग मात्र सव्वाशे चौरस मीटरच्या आसपास. म्हणून तो सपाटीवरही मे उजाडेपर्यंत टिकतो.

पंप लागत नाही. उगमापासून नळ 60 मीटर खाली आणला की सुमारे 6 बार दाब मिळतो. काटक्यांच्या सांगाड्यावर फवारा उडतो आणि गोठतो. चुकतं ते नळात: वर तोंडाशी पालापाचोळा किंवा बर्फ अडकला, धार मंदावली की उणे 20 अंशांत पाणी नळातच गोठतं आणि लांबलचक नळ फुटतो. त्यामुळे धार कमी होताच तळाचा व्हॉल्व्ह उघडून नळ रिकामा करावा लागतो, तोही मध्यरात्री. खालच्या गावाचीही संमती हवी, कारण ओढा एकच आणि हिवाळ्यातल्या पाण्याच्या पाळ्या जुन्या नोंदींत सहसा नसतात. तरुण मुलं पर्यटनासाठी लेहला गेलेली असताना ही राखण करायला आणि ही बोलणी करायला गावात कोण उरतं, यावर स्तूप उभा राहतो की नाही ते ठरतं.