फोटो ताणला म्हणजे अर्कचित्र झालं का?

फोटोशॉपमध्ये फोटो उघडायचा, लिक्विफाय फिल्टरने नाक फुगवायचं, डोकं मोठं करायचं, की अर्कचित्र (कॅरिकेचर) तयार! हौशी मंडळींत हा समज वर्षानुवर्षं घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी अनेक चांगले हात रेषेपर्यंत पोचतच नाहीत.

‘अर्क’ या शब्दातच उत्तर आहे: चेहऱ्यातलं वेगळेपण तेवढं गाळून घ्यायचं आणि तेच वाढवायचं. ज्याचं नाक मुळात बसकं, त्याचं ते आणखी बसकं करायला हवं. १९८२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सुझन ब्रेनन यांनी अर्कचित्र काढणारा संगणक प्रोग्रॅम केला. त्याचं सूत्र हेच होतं: चेहरा सरासरी चेहऱ्याशी ताडून पाहायचा आणि जिथे फरक दिसेल, तो फरक वाढवायचा. लिक्विफाय नुसते पिक्सेल सरकवतं. काय वाढवायचं, हे तुम्हालाच ठरवावं लागतं. शिवाय फार ताणलं की त्वचेचा पोत पुसट होतो.

म्हणून फोटो खालच्या लेअरवर (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकावर) ठेवा, त्याची ओपॅसिटी ३० टक्क्यांवर आणून तो फिका करा आणि वर कोऱ्या लेअरवर रेषा काढा. गिम्प या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही हे जमतं. त्याआधी पाच मिनिटं चेहरा नुसता बघा. भुवया डोळ्यांपासून किती वर आहेत? ओठ आणि हनुवटीत किती जागा आहे? मग फोटोचा लेअर बंद करून आठवणीतून पुन्हा काढा. मला ही पायरी सर्वांत मोलाची वाटते, कारण चेहऱ्यातलं वेगळेपणच आठवणीत टिकतं. ग्राफिक टॅब्लेट (संगणकाला जोडून पेनने चित्र काढायची पाटी) नसेल तर कागदावर पेन्सिलीने काढा, मोबाइलने फोटो घ्या आणि रंग तेवढे सॉफ्टवेअरमध्ये भरा.