१९१७ची ‘देणगी’ आणि स्टर्लिंग शिल्लक : दोन महायुद्धांचे दोन हिशेब

‘युद्धात इंग्लंडचं दिवाळं वाजलं आणि इंग्रज निघून गेले,’ असं आपण सरसकट बोलतो. त्या बोलण्यात हिंदुस्थानच्या पैशाचे दोन वेगळे हिशेब एकमेकांत मिसळतात. एक पहिल्या महायुद्धातल्या १० कोटी पौंडांच्या देणगीचा, दुसरा दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये साठलेल्या स्टर्लिंग शिलकीचा, म्हणजे ब्रिटनने हिंदुस्थानला देणं असलेल्या पौंडांचा. पहिला पैसा परत मिळायचाच नव्हता. दुसरा उसना होता, तोही आपल्याला न विचारता घेतलेला.

देणगीचं आधी. १९१७ साली हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंड देऊ केले. तेव्हाच्या दराने हे सुमारे १५० कोटी रुपये, म्हणजे सरकारच्या जवळपास वर्षभराच्या महसुलाएवढे. तिजोरीत एवढी रोकड कुठली असणार? काही रक्कम इथे युद्धकर्ज उभारून जमवली आणि उरलेल्या रकमेपुरतं ब्रिटनचं युद्धकर्ज हिंदुस्थानने आपल्या डोक्यावर घेतलं. ‘देणगी’चं व्याज अर्थातच इथल्या रयतेने भरलं.

या व्यवहाराने साम्राज्य त्या घडीला सावरलं, हे मान्य केलं पाहिजे. पण व्याजासाठी पैसा हवा म्हणून आयात कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्क्यांवर न्यावी लागली आणि इथल्या गिरण्यांच्या कापडावरचा अबकारी कर मात्र साडेतीनच राहिला. इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या लँकशायरने आरडाओरडा केला, तरी लंडन मागे हटलं नाही. ज्या कापडवाल्यांसाठी इतकी वर्षं इथली बाजारपेठ उघडी ठेवली, त्यांनाच बाजूला सारण्याची पाळी आली. मुंबईच्या गिरणीमालकांचा फायदा झाला. कामगाराच्या वाट्याला महागाई आली आणि जानेवारी १९१९मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले.

दुसऱ्या हिशेबाची तऱ्हाच निराळी. १९३९च्या अखेरीस करार झाला : हिंदुस्थानने शांतताकाळातला नेहमीचा लष्करी खर्च आणि स्वतःच्या बचावाचा खर्च सोसायचा, साम्राज्याच्या लढाईचा बाकीचा खर्च ब्रिटनने द्यायचा. कागदावर हे न्याय्य दिसतं. प्रत्यक्षात काय व्हायचं ते पाहा. समजा, मुंबईच्या एका गिरणीने मध्यपूर्वेतल्या फौजेसाठी हजार रुपयांचं खाकी कापड दिलं. सरकार तिला इथे हजार रुपये चुकतं करी. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर ७५ पौंड जमा होत. ते पौंड तारण धरून बँक इथे नव्या नोटा छापी. कापड बोटीत चढून गेलेलं, नोटा मात्र बाजारात. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा सहापटींहून जास्त वाढल्या. १९४३मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. बंगालमध्ये त्याच साली दुष्काळाने लाखो माणसं मेली. त्या दुष्काळाची कारणं अनेक आहेत, पण या नोटांनी भडकलेल्या भावांना त्यातून वगळता येत नाही. लंडनच्या वहीत जमा दिसणारी रक्कम म्हणजे इथल्या गरिबाने मारलेली पोटाची भूक होती.

आता राज्यावरचा परिणाम. तोवर हिंदुस्थान लंडनचा ऋणको होता. रेल्वेच्या कर्जाचं व्याज, निवृत्त साहेबांची पेन्शनं आणि इतर ‘होम चार्जेस’ (इथल्या राज्यापायी इंग्लंडमध्ये होणारा खर्च) दरवर्षी जात. राज्य टिकवण्यामागे या वसुलीची हमी हे मोठं कारण होतं. युद्धात साठलेल्या पौंडांतूनच हिंदुस्थानचं जुनं स्टर्लिंग कर्ज बहुतांशी फिटलं आणि तरीही १९४६च्या सुमारास १३० कोटी पौंडांवर शिल्लक उरली. सावकार कूळ झाला. हिंदुस्थान ब्रिटनचा सर्वांत मोठा स्टर्लिंग धनको ठरला आणि ब्रिटनला त्याच सुमारास अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचं कर्ज काढावं लागलं. वसूल करायचं काही उरलं नाही आणि दडपशाहीचा खर्च परवडेना.

एवढ्यावरून ‘कर्जामुळे स्वातंत्र्य मिळालं’ असं म्हणणं मला पटत नाही. ४२चं आंदोलन नसतं, १९४६च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात नाविकांनी बंड केलं नसतं, तर दिवाळखोर ब्रिटननेही आणखी काही वर्षं रेटली असती. कर्जाने पर्याय कमी केले, निर्णय लोकांनी घ्यायला लावला.

धनको झालो म्हणून पैसा हातात आला, असंही नाही. ही शिल्लक गोठवलेली होती. तिच्यातून डॉलर घेऊन अमेरिकेची यंत्रं आणता येत नव्हती. १९४४मध्ये युद्धानंतरच्या जागतिक चलनव्यवस्थेसाठी अमेरिकेत भरलेल्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदी प्रतिनिधींनी हा प्रश्न मांडला. त्यांत होते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर, महाडजवळच्या नातेगावचे चिंतामणराव देशमुख. हा आम्हा दोघांमधला मामला आहे, असं सांगून ब्रिटनने तो तिथे निकालात काढला. हे कर्ज सरळ कापून टाकावं, असाही सूर लंडनमध्ये होता. तसं होऊ दिलं नाही, याचं श्रेय त्या वेळच्या आपल्या वाटाघाटी करणाऱ्यांना द्यायला हवं. ऑगस्ट १९४७च्या करारात सुमारे ११६ कोटी पौंड मान्य झाले. त्यांपैकी लगेच वापरायला मिळाले साडेसहा कोटी.