जन्मतःच जुनी ठरलेली युद्धनौका

डिसेंबर १९०६ मध्ये जर्मनीतल्या कील बंदरात ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ या युद्धनौकेचं जलावतरण झालं. त्याच महिन्यात ब्रिटनची ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका आरमारात दाखल झाली, आणि जर्मनांची ही कोरी करकरीत नौका समुद्रावर जाण्याआधीच जुनी ठरली.

याचं कारण तोफांच्या हिशोबात आहे. दूरवरच्या जहाजावर नेम धरताना गोळा पडून उसळणारा पाण्याचा फवारा पाहतात. तो अलीकडे उसळला तर नळी थोडी वर घ्यायची, पलीकडे उसळला तर खाली. ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’वर २८ सेंटीमीटर व्यासाच्या नळीच्या चार आणि १७ सेंटीमीटरच्या चौदा तोफा होत्या. एकीचा गोळा २४० किलोंचा, दुसरीचा ६४ किलोंचा. दोघींचे कोन वेगळे, गोळा पोहोचायला लागणारा वेळही वेगळा. मग दूर उसळलेला फवारा नेमका कोणत्या तोफेचा, हे ओळखायचं कसं? ‘ड्रेडनॉट’वर दहाही मोठ्या तोफा एकाच मापाच्या होत्या, त्यामुळे हा घोळच मिटला. शिवाय ती टर्बाइनवर २१ नॉट वेगाने धावे. दट्ट्यांच्या वाफेच्या इंजिनांवर चालणारी जर्मन नौका जेमतेम १८ नॉट गाठायची.

पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या जटलंडच्या सागरी लढाईत, ब्रिटिश आरमारापुढे या जुन्या नौकांचा कस लागला. या वर्गातल्या नौकांना जर्मन खलाशी ‘पाच मिनिटांची जहाजं’ म्हणत, कारण मोठ्या नौकांपुढे त्या तेवढ्याच टिकतील असा त्यांचा अंदाज होता. ‘पोमर्न’ ही भगिनी नौका ब्रिटिश पाणतीराने फुटली आणि तिच्यावरचे आठशेहून अधिक लोक बुडाले, एकही वाचला नाही. ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ला एक गोळा लागला, तीन माणसं गेली, पण ती परतली.

युद्ध हरल्यावर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला आधुनिक युद्धनौका ठेवू दिल्या नाहीत, अशा जुन्या मात्र चालतील असं ठरलं. जुनेपणामुळेच ती वाचली आणि पुढे प्रशिक्षण नौका झाली.

२५ ऑगस्ट १९३९ रोजी ती डान्झिगला (आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क) आली. १९१४ मध्ये मेलेल्या जर्मन खलाशांना मानवंदना द्यायची, हे सांगायचं कारण. आत मात्र सव्वादोनशेच्या आसपास सशस्त्र सैनिक दडवलेले होते. मृतांच्या नावाने केलेली ही फसवणूक मला तोफांहून भयंकर वाटते. १ सप्टेंबरला पहाटे पावणेपाचच्या सुमारास तिने समोरच्या वेस्टरप्लाट द्वीपकल्पावरच्या पोलिश ठाण्यावर मारा सुरू केला आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड फुटलं. इतक्या जवळून नेम धरायला फवारे मोजायची गरजच नव्हती. तरीही तिथले सुमारे दोनशे पोलिश सैनिक सात दिवस लढले.

डिसेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश विमानांच्या बॉम्बनी ती ग्दिनिया बंदरातल्या उथळ पाण्यात बसली. युद्धानंतर सोव्हिएत आरमाराने तिला वर काढलं आणि एस्टोनियाच्या ओस्मुसार बेटाजवळ नेऊन नेमबाजीच्या सरावासाठी उभं केलं. तिचे अवशेष आजही तिथल्या पाण्याखाली आहेत.